बचावपटूची पारख एका दिवसात होत नाही

बारामती : राज्य शासनाच्या ‘प्रोजेक्ट महादेवा’ या फुटबॉल उपक्रमाचा प्रारंभ १४ डिसेंबर २०२५ रोजी मुंबईच्या वानखेडे स्टेडियमवर लिओनेल मेस्सीच्या उपस्थितीत झाला. जिल्हा पातळीपासून चाचण्या घेऊन तेरा वर्षांखालील ३० मुले आणि ३० मुली निवडणे आणि त्यांच्या प्रशिक्षणाची जबाबदारी घेणे, असे या उपक्रमाचे स्वरूप आहे. ग्रामीण भागातील मुलांपर्यंत निवडीची प्रक्रिया पोहोचावी, हा हेतू स्वागतार्ह आहे. तथापि, अवघ्या साठ जागांसाठी निवड होते तेव्हा मैदानावरील कोणता गुण चटकन दिसतो आणि कोणता नजरेआड राहतो, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. बारामती आणि इंदापूर तालुक्यांतील मुलांच्या दृष्टीने तर तो अधिकच गंभीर आहे.

आघाडीच्या खेळाडूची चुणूक दहा मिनिटांतही दिसू शकते. दोघांना चकवून त्याने एक गोल केला, की निवड समितीच्या वहीत नाव नोंदले जाते. बचावपटूचे काम नेमके उलट असते. योग्य जागी उभे राहून त्याने प्रतिस्पर्ध्याचा पास होऊच दिला नाही, तर मैदानावर काहीच घडत नाही, आणि न घडलेल्या गोष्टीची नोंद कोणी करत नाही. त्यात त्या मुलाच्या गाठीशी मोजकेच सामने असतील, तर त्याच्याविषयी निर्णय देणे अनुभवी प्रशिक्षकालाही अवघड जाते.

कबड्डीच्या भाषेत

या दोन्ही तालुक्यांत कबड्डी, कुस्ती आणि खो-खो यांची परंपरा जुनी आहे. त्या तुलनेत फुटबॉल येथे नवा आहे. मात्र बचावाचे मर्म येथील प्रेक्षकाला नव्याने शिकविण्याची गरज नाही. कबड्डीतील कोपरारक्षक चढाईपटूच्या पहिल्याच हालचालीवर झेपावला, तर गुण जातो. चांगला कोपरारक्षक थांबतो, अंतर राखतो, चढाईपटूला हव्या त्या बाजूला वळवतो आणि त्याचा तोल गेला की पकड करतो. फुटबॉलमधील बचावपटूलाही हाच संयम लागतो. पायात चेंडू असलेल्या प्रतिस्पर्ध्यावर धावून जाणारा मुलगा चाचणीत शूर दिसतो. प्रत्यक्षात तो आपल्यामागे मोकळी जागा सोडत असतो.

असे असूनही फुटबॉलच्या चाचणीत उंची, धाव आणि दांडगाई यांनाच झुकते माप मिळते. तेरा-चौदाव्या वर्षी मुलांची वाढ एकसारखी होत नाही. एकाच वर्गातील दोन मुलांच्या शारीरिक वयात दोन-तीन वर्षांचे अंतर असू शकते. शिवाय वयोगटाची गणना १ जानेवारीपासून होत असेल, तर जानेवारीत जन्मलेला मुलगा डिसेंबरमध्ये जन्मलेल्या मुलापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठा असूनही दोघे एकाच गटात खेळतात. वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेल्या मुलांची संख्या निवडलेल्या संघांत प्रमाणाबाहेर जास्त असते, हे अनेक देशांतील अभ्यासांतून आढळले आहे. इंग्लंडमधील काही अकादमींनी यावर उपाय म्हणून जन्मतारखेऐवजी शारीरिक वाढीनुसार गट पाडून सामने खेळविण्याचा प्रयोग केला. बचावफळीत उंचीला महत्त्व असल्याने या दोषाचा फटका उशिरा वाढणाऱ्या बचावपटूला सर्वाधिक बसतो.

उशिरा उमललेले खेळाडू

राहुल भेके याचे उदाहरण मराठी वाचकाला जवळचे आहे. मुंबईचा हा बचावपटू १९९० मध्ये जन्मला. मुंबई एफसी, ईस्ट बंगाल अशी वाटचाल करीत तो बंगळूर एफसीमध्ये स्थिरावला. १७ मार्च २०१९ रोजी मुंबईतच झालेल्या इंडियन सुपर लीगच्या अंतिम सामन्यात एफसी गोवाविरुद्ध जादा वेळेत त्याने केलेल्या एकमेव गोलने बंगळूरला विजेतेपद मिळाले. भारतीय संघातून त्याचे पदार्पण त्याच वर्षी जूनमध्ये, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी झाले. २०२४ मध्ये मुंबई सिटी एफसीने लीगचा करंडक जिंकला, तेव्हा कर्णधार तोच होता. विसाव्या वर्षी कोणी त्याच्यावर ‘संधी संपली’ असा शिक्का मारला असता, तर तो किती चुकीचा ठरला असता, हे वेगळे सांगायला नको.

संदेश झिंगन याला सुरुवातीला अनेक क्लबांनी नाकारले होते. युनायटेड सिक्कीमसारख्या छोट्या संघातून वाट काढत तो २०१४ मध्ये केरळ ब्लास्टर्सकडे आला आणि पहिल्याच मोसमात लीगमधील उदयोन्मुख खेळाडू ठरला. हॉलंडच्या व्हर्जिल व्हान डाइकला ज्या क्लबच्या अकादमीने घडविले, त्या विलेम टू संघाने व्यावसायिक करार दिला नाही. २०१० मध्ये तो ग्रोनिंगेनकडे गेला. पुढे २०१८ च्या जानेवारीत लिव्हरपूलने त्याच्यासाठी साडेसात कोटी पौंड मोजल्याचे वृत्त जगभर गाजले.

अर्थात, केवळ यशोगाथांवरून निष्कर्ष काढणे योग्य नव्हे. भारतात २०१७ मध्ये झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकासाठी अमेरिकेत वाढलेल्या नमित देशपांडे या बचावपटूची भारतीय संघात निवड झाली होती. ९ ऑक्टोबर २०१७ रोजी दिल्लीत कोलंबियाविरुद्धच्या सामन्यात त्याला पहिल्या अकरांत स्थान मिळाले. भारत तो सामना १-२ असा हरला, परंतु संघाने दिलेल्या झुंजीचे कौतुक झाले. त्या संघातील साऱ्यांकडेच देशाचे भवितव्य म्हणून पाहिले गेले. प्रत्यक्षात त्यांच्या वाटा फार वेगवेगळ्या झाल्या. एका चांगल्या सामन्यावरून उज्ज्वल भविष्य वर्तविणे हे एका वाईट चाचणीवरून मुलाला घरी पाठविण्याइतकेच घाईचे आहे.

त्याच संघातील अन्वर अली हा बचावपटू आधी आघाडीला खेळत असे. मिनर्व्हाच्या अकादमीत त्याला बचावफळीत आणले गेले. याच अकादमीच्या संघाने सराव सामन्यात भारताच्या सतरा वर्षांखालील संघाला हरविल्यानंतर तेथील काही खेळाडूंना विश्वचषकाचे दार उघडले. त्यांपैकी जॅक्सन सिंगने कोलंबियाविरुद्ध भारताचा विश्वचषकातील पहिला गोल केला. निवड झालेल्या संघाबाहेरची मुले पुन्हा पाहिली गेली, म्हणून हे घडले. निवडीचे दार एकदा लावून घेतले की अशा मुलांना जागा राहत नाही.

दोन सामन्यांचा अनुभव

बारामती-इंदापूरच्या मुलाकडे अनुभव कमी का असतो, याचे उत्तर त्याच्या गुणवत्तेत शोधण्यापेक्षा स्पर्धेच्या रचनेत शोधावे लागेल. शालेय क्रीडा स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य अशा पायऱ्यांनी चढत जातात आणि बहुधा बाद पद्धतीने खेळविल्या जातात. समजा, अशा स्पर्धेत १६ संघ आहेत. एकूण सामने होतात १५. त्यात ८ संघ एकच सामना खेळून घरी जातात, ४ संघांना दोन सामने मिळतात, २ संघांना तीन आणि अंतिम फेरीतील दोघांना चार. म्हणजे सरासरीने एका संघाच्या वाट्याला दोन सामनेही येत नाहीत. हेच १६ संघ आठ-आठच्या दोन गटांत विभागून साखळी पद्धतीने खेळविले, तर प्रत्येक संघाला किमान सात सामने मिळतात. सामन्यांची एकूण संख्या ५६ होते आणि खर्च वाढतो, हे खरे. परंतु बचावपटू घडतो तो त्या सात सामन्यांत.

बाद पद्धतीचा आणखी एक तोटा आहे. बलाढ्य संघाने आठ गोलांनी विजय मिळविला, तर त्याच्या मध्यवर्ती बचावपटूची कसोटीच लागत नाही. दुबळ्या संघातील बचावपटूवर मात्र चोहोबाजूंनी हल्ले होतात आणि गोल झाल्याचे खापर त्याच्यावर फुटते. त्यामुळे संघावर किती गोल झाले, या आकड्यावरून बचावपटूचे मोल ठरविणे दिशाभूल करणारे ठरते.

कोल्हापूरशी तुलना केल्यास हा फरक स्पष्ट होतो. तेथे पाटाकडील, दिलबहार, खंडोबा यांसारख्या तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर दरवर्षी साखळी स्पर्धा खेळतात. तरुण बचावपटूला तेथे भरलेल्या प्रेक्षागृहासमोर, आपल्याहून वयाने मोठ्या आघाडीपटूंसमोर उभे राहावे लागते. भारताच्या २०१७ च्या विश्वचषक संघातील आघाडीचा खेळाडू अनिकेत जाधव याच कोल्हापूरचा. पुण्यातील बालेवाडीच्या क्रीडा प्रबोधिनीत त्याचे प्रशिक्षण झाले. म्हणजे गावाची परंपरा आणि शासकीय संस्था, दोन्हींचा हात त्याला मिळाला.

बारामतीपासून पुणे सुमारे १०० किलोमीटर, तर इंदापूरपासून सुमारे १४० किलोमीटर आहे. जिल्ह्यातील नियमित फुटबॉल प्रामुख्याने पुणे शहरात केंद्रित असल्याने दर आठवड्याला तेथे जाऊन खेळणे शेतकरी किंवा कामगार कुटुंबातील मुलाला परवडणारे नाही. शहरातील वरच्या पायऱ्याही टिकल्या नाहीत. पुणे एफसीने २०१५ मध्ये आय-लीग सोडली, डीएसके शिवाजियन्स २०१७ मध्ये बाहेर पडला आणि एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये संपुष्टात आला. जिल्ह्यातील होतकरू मुलासमोर ‘येथपर्यंत पोहोचायचे आहे’ असे म्हणावे, असा घरचा मोठा संघ त्यानंतर उरला नाही.

मैदानाचाही परिणाम होतो. मुरमाड, कडक मैदानावर चेंडू उंच आणि वेगाने उसळतो, आणि अंग सोलवटण्याच्या भीतीने मुले घसरून टॅकल करणे टाळतात. अशा मुलाला एकदम हिरवळीवर किंवा कृत्रिम मैदानावर चाचणीसाठी उभे केले, तर पहिला अर्धा तास तो चेंडूचा अंदाज घेण्यातच घालवतो. परीक्षकाला तो गोंधळलेला वाटतो. उलट, उभे राहून अडविण्याची त्याची सवय हा त्याचा गुणही असू शकतो.

काय पाहावे?

अनुभव तुटपुंजा असताना बचावपटूमध्ये काय पाहावे, याची काही साधी गमके आहेत. चेंडू दूर असताना तो मान वळवून मागे कोण आहे हे पाहतो का? प्रतिस्पर्ध्यासमोर तो छाती समोर करून उभा राहतो, की अंग तिरके ठेवून त्याला कडेला ढकलतो? सहकारी जागा सोडून गेला, तर ती भरायला तो सरकतो का? दडपणाखाली तो चेंडू केवळ मैदानाबाहेर फेकतो, की सहकाऱ्याला शोधतो? गोलरक्षकाशी आणि शेजारच्या बचावपटूशी तो बोलतो का? यांपैकी एकाही गोष्टीला उंची लागत नाही किंवा महागडे बूटही लागत नाहीत.

याहून महत्त्वाची कसोटी चुकीनंतरची आहे. तरुण बचावपटू चुकणारच. चुकल्यावर तो पुढची दहा मिनिटे चेंडूपासून लपतो, की पुन्हा चेंडू मागतो, हे पाहावे. तीच चूक तीन आठवड्यांनी पुन्हा होते का, याची नोंद ठेवावी. आज दोन मुले सारखीच खेळत असतील आणि एकाने शंभर सामने, तर दुसऱ्याने दहा सामने खेळलेले असतील, तर दुसऱ्याच्या शिकण्याचा वेग अधिक आहे असे मानण्यास जागा आहे. मात्र त्यासाठी त्याला किमान दोनदा, काही महिन्यांच्या अंतराने पाहावे लागते. एका दिवसाच्या चाचणीतून हा वेग कळत नाही.

दुसरी बाजूही विसरता कामा नये. शालेय स्तरावर चमकलेल्या मुलाला लगेच भावी तारा ठरविण्याचा मोह पालकांना, शाळांना आणि वृत्तपत्रांनाही होतो. दहावी-बारावीच्या परीक्षेतील क्रीडा सवलतीचे गुण आणि शासकीय नोकरीतील पाच टक्के खेळाडू आरक्षण यांमुळे प्रमाणपत्राला मोल आले आहे. त्यात गैर काही नाही. परंतु एका प्रमाणपत्रासाठी मुलाचे शिक्षण मागे पडू लागले, तर त्याची किंमत कुटुंबालाच मोजावी लागते. ‘याला आणखी दोन वर्षे खेळू द्यावे, अभ्यास सोडू नये, मग ठरवावे’ हे उत्तर कोणालाच फारसे आवडत नाही. मात्र कमी अनुभवाच्या बचावपटूबाबत बहुतेक वेळा तेच प्रामाणिक उत्तर असते.

नोंदवही आणि साखळी

या दोन तालुक्यांपुरते पाहिले, तरी उपाय आवाक्याबाहेरचे नाहीत. बारामती आणि इंदापूर येथील आठ शाळांनी मिळून वयोगटनिहाय साखळी स्पर्धा सुरू केली, तर प्रत्येक मुलाला वर्षाकाठी किमान सात सामने मिळतील आणि पुण्याच्या खेपा वाचतील. प्रत्येक खेळाडूची जन्मतारीख, उंचीतील वाढ, खेळलेली मिनिटे आणि प्रशिक्षकाचा शेरा यांची साधी नोंदवही क्रीडाशिक्षकाला ठेवता येईल. जिल्हा निवडीच्या वेळी ही वही समितीसमोर गेली, तर परीक्षकाला एका दुपारऐवजी एक मोसम पाहायला मिळेल. चाचणीत नाकारलेल्या मुलांना सहा महिन्यांनी पुन्हा बोलाविण्याची तरतूदही व्हायला हवी.

‘प्रोजेक्ट महादेवा’तून निवडलेल्या साठ मुला-मुलींचे काय होते, याकडे राज्याचे लक्ष राहीलच. त्या यादीत नाव नसलेला, चौदाव्या वर्षी बुटका असलेला आणि दोनच सामने खेळलेला इंदापूरचा एखादा बचावपटू सोळाव्या वर्षी मैदानावर असेल की नाही, हे मात्र तालुक्यातील शाळा आणि क्रीडाशिक्षकांच्या हाती आहे.