अडले मूल की नेटवर्क?

मध्य प्रदेशातल्या सरकारी शाळांत मुलांनी ‘जय हिंद’ म्हणून हजेरी द्यावी, असा आदेश २०१८ साली निघाला. तोतरे बोलणाऱ्या मुलाला हे दोन शब्द डोंगराएवढे वाटू शकतात. एरवी तो अडणारा शब्द गाळून दुसरा घेतो. इथे ती सोय नाही. ‘ज’वर जबडा आवळतो, वर्ग हसतो, गुरुजी पुढचे नाव घेतात. हेच मूल सगळ्यांबरोबर प्रार्थना मात्र सहसा न अडखळता म्हणते. म्हणजे खोट जिभेत नाही. बोलण्याची मेंदूतली जुळणी वेगळी असते, आणि त्यावर ना वेखंड चालते ना छडी.

सुमारे पाच टक्के मुले लहानपणी अशी अडखळतात. बहुतेकांचे बोलणे आपोआप सुधारते. शंभरात एकाच्या आसपास माणसांची अडखळण कायम राहते. तिच्यावर वेळेत काम करावे लागते.

मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यातल्या उकव्याची अडचण इथे सुरू होते. इथली मँगनीजची खाण ‘मॉइल’ची, कंपनीचे मुख्यालय नागपुरात. १९५६ पर्यंत राज्याची राजधानीही नागपूरच होती. पण स्पीच थेरपीसाठी दर आठवड्याला बालाघाट, गोंदिया किंवा नागपूर गाठायचे तर बापाची रोजी बुडते. दोन-तीन खेपा होतात आणि उपचार सुटतो.

खरे तर दुरून करण्याजोगा उपचार हाच. त्यात ना सुई, ना तपासणीचे टेबल. बोलणे आणि ऐकणे एवढेच. ऑस्ट्रेलियातल्या ‘लिडकम’ पद्धतीत तर तज्ज्ञ शिकवतो आणि रोजचा सराव आई-बापच घेतात. तिथे ४९ मुलांवर झालेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात वेबकॅमवरचा उपचार दवाखान्यातल्या उपचारापेक्षा कमी पडला नाही.

मात्र पिठाच्या डब्याला टेकवलेल्या मोबाइलवर मुलाचा आवाज मध्येच थांबला, तर अडले कोण? मूल की नेटवर्क? तज्ज्ञाला ते कळले नाही, तर उपचाराचा पायाच ढासळतो. म्हणून आईने घरातल्या गप्पा ध्वनिमुद्रित करून पाठवाव्यात आणि तज्ज्ञाने त्या आधी ऐकाव्यात. घरी पोवारी, गोंडी किंवा मराठी आणि शाळेत हिंदी, हे ज्याला समजते असा तज्ज्ञ हवा.

दुरून डॉक्टरी सल्ल्यासाठी २०१९ पासून ‘ई-संजीवनी’ ही सरकारी सेवा आहे. तिच्यावर नोंदणीकृत स्पीच थेरपिस्ट ठरल्या वारी, ठरल्या वेळी बसवावेत आणि उकव्याच्या आरोग्य केंद्रात त्यासाठी चांगल्या जोडणीची एक खोली द्यावी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने वाचा व भाषा दिव्यांगत्व मान्य केले आहे. सोय पोहोचवणे ही मेहेरबानी नव्हे. नाहीतर ‘सात दिवसांत तोतरेपणा गायब’वाले दुकानदार मोबाइलवर आधीच हजर आहेत.

गुरुजींना मात्र नेटवर्कची वाट पाहायची गरज नाही. उद्याच्या हजेरीला त्या मुलाने नुसता हात वर केला, तरी त्याच्या नावापुढे ‘हजर’ लिहावे.