घरात एक खोली हातांसाठी

गेल्या खंडेनवमीला आमच्या घरी प्रथमच लेथला झेंडूचा हार पडला. एरवी पाटावर विळी, कोयता, पान्हा आणि मुलांची कंपासपेटी मांडून आमची पूजा उरकत असे. यंदा घरामागची बारा बाय पंधराची पत्र्याची खोली पुरी झाली होती. तीत जुना साडेचार फुटी लेथ, एक ड्रिल मशीन, ग्राइंडर, बाकावर शेगडा आणि भिंतीवर ओळीने टांगलेल्या कानशी.

शेजारच्या काकू प्रसादाला आल्या. म्हणाल्या, "भाऊ, वर्कशॉप टाकलं म्हणं! गिऱ्हाईक कधीपासनं येणार?"

"गिऱ्हाईक नाही, काकू. घरापुरतंच आहे."

काकूंनी माझ्याकडे जरा काळजीनेच पाहिले. त्यांचे चुकले नाही. घरात देवाला खोली असते, पाहुण्यांना असते, टीव्हीला तर मानाची असते. हातांसाठी खोली म्हटले की मात्र माणसाचे काहीतरी बिनसले असावे, असे आपल्याला वाटते.

असे का वाटावे? कारण हातकाम ही आपण कुणा दुसऱ्याची जबाबदारी मानली. लोखंड लोहाराचे, लाकूड सुताराचे, आणि शिकलेल्याने हात काळे करायचे नाहीत, ही वाटणी गावगाड्याने करून ठेवली. बलुतेदारी गेली, पण मनातली वाटणी तशीच राहिली. आज इस्लामपुरात (२०२५ साली विधिमंडळात 'ईश्वरपूर' हे नाव जाहीर झाले, तरी जिभेवरचे जुने नाव उतरायला वेळ लागणारच) गल्लीगल्लीत इंजिनिअर आहेत. त्यांतल्या किती जणांच्या घरी एक धड कानस सापडेल?

ही वाटणी मोडणारा माणूस आपल्याच मुलुखात होऊन गेला. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकायला गेले आणि रंग नीट ओळखता येत नाहीत म्हणून यंत्रांच्या रेखाटनाकडे वळले. पुढे बेळगावात त्यांनी सायकलींचे दुकान काढले, लोखंडी नांगर केला. बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनजवळ माळ दिला. १९१० साली त्या निवडुंगाच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. अलीकडचे उदाहरण हवे असेल तर देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांचे घ्या. भंगारातले सुटे भाग जमवून त्यांनी किक मारून सुरू होणारी छोटी चारचाकी बनवली आणि २०२१ च्या डिसेंबरात ती देशभर गाजली. दोघांच्या काळात शंभराहून अधिक वर्षांचे अंतर आहे. समान गोष्ट एकच, दोघांनीही कुणाची वाट न पाहता हत्यार हातात घेतले.

माझी झेप एवढी नाही. पण या खोलीने मला जे शिकवले ते सांगण्यासारखे आहे. काँक्रीटचे बूड टाकल्यावर ते पाणी मारून नीट मुरू द्यायचे असते, पुरती ताकद यायला अठ्ठावीस दिवस धरतात. मी दहाव्या दिवशीच लेथ चढवला. गवंड्याची पाणसळ लावली, बुडबुडा मधोमध आला, मी खूश! पहिली सळई कातली आणि नातीने मायक्रोमीटर लावला. एक टोक दुसऱ्यापेक्षा पाच शतांश मिलिमीटर जाड. बुडाने अंग टाकले होते आणि लेथच्या बेडला पीळ पडला होता. डोळ्यांना न दिसणारा पीळ सळईने दाखवला.

मग महिनाभर थांबलो. पायांखाली पातळ पत्र्याच्या पट्ट्या सारायच्या, बोल्ट आवळायचे, सळई कातायची, मोजायची, पुन्हा सैल करायचे, असे चार संध्याकाळी चालले. "आजोबा, अजून थोडं आहे," एवढेच नात म्हणायची. माझ्या वयाचा मान ना तिने ठेवला, ना मायक्रोमीटरने. पाठांतर करून गुण मिळवता येतात, सळई सरळ कातता येत नाही. चूक स्वतः मोजावी, कबूल करावी आणि सुधारावी, हा धडा आपल्या मुलांना दुसरीकडे कुठे मिळतो?

आक्षेप आहेतच. यात धोका आहे, हे खरे. म्हणून आमचे नियम कडक आहेत. चालू लेथजवळ हातमोजे, ओढणी, सैल बाही चालणार नाही. चकची चावी चकमध्ये सोडायची नाही. ग्राइंडरला चष्म्याशिवाय हात लावायचा नाही. रात्री आठनंतर खटका बंद, कारण शेजारधर्मही पाळायचा असतो. आर्थिंगवर मात्र पैसे वाचवू नयेत. पावसाळ्यात यंत्राला तेलाचा हात फिरवून सुती कापड घालावे, प्लॅस्टिकखाली दमट हवा कोंडते आणि गंज धरतो.

"एमआयडीसीतला टर्नर तेच काम चार पैशांत करून देतो, मग हा खर्च कशाला?" असेही विचारतात. त्या टर्नरचे पोट मारायला मी बसलेलो नाही. मोठे काम आजही त्याच्याकडेच जाते. फरक इतकाच की, स्वतः एक साधा बुश कातून पाहिल्यापासून त्याच्याशी दहा रुपयांसाठी घासाघीस करायला माझी जीभ उचलत नाही. त्या चार पैशांत किती वर्षांची नजर असते, ते आता कळते.

प्रत्येकाला लेथ परवडणार नाही, त्याची गरजही नाही. जिन्याखाली एक मजबूत बाक, त्यावर शेगडा, दोन कानशी, एक करवत, एक गुण्या एवढ्यावर सुरुवात होते. यंदा सुट्टीत मुलांना शिबिराला धाडण्यापूर्वी हा विचार जरूर करावा.

परवा काकू पुन्हा आल्या. हातात कुकरचे सैल झालेले मूठ होते. "भाऊ, हे बसंल का?" मी नातीकडे बोट दाखवले.