आधी कागद, मग चरित्र

मराठीत चरित्रांना तोटा नाही. पुढाऱ्याची साठी आली की गौरवग्रंथ, निवडणूक आली की जीवनपट. तोटा आहे तो कागद तपासून लिहिणाऱ्यांचा. म्हणून अनंत काकबा प्रियोळकरांची आठवण काढायची.

१८९५ मध्ये गोव्यातल्या प्रियोळला जन्मलेल्या या माणसाचा दबदबा आधी झाला तो पोथ्यांमुळे. रघुनाथ पंडिताच्या ‘दमयंती स्वयंवरा’ची त्यांची आवृत्ती १९३५ ची. पोथी उतरवणाऱ्याला एखादा शब्द कळला नाही की तो ओळखीचा शब्द घालून मोकळा होतो. पुढचा लेखनिक तीच चूक इमानेइतबारे उतरवतो. प्रियोळकर अनेक हस्तलिखिते ताडून पाहत, पाठ ठरवत आणि डावललेले पाठभेदही नोंदवत. न पटणाऱ्याने खुशाल भांडावे, ही त्यात सोय!

हीच सवय चरित्रात उतरली. मराठी व्याकरणकार दादोबा पांडुरंगांचे आत्मचरित्र अर्ध्यावर थांबलेले. प्रियोळकरांनी ते संपादून १९४७ मध्ये छापले आणि पुढचे आयुष्य स्वतः लिहिले. पण दादोबांचे शब्द कुठे संपतात आणि आपले कुठे सुरू होतात, याची सरमिसळ केली नाही. १९६६ मध्ये जातिभेद मोडू पाहणाऱ्या गुप्त परमहंस सभेवरचे पुस्तक आले, १९७१ मध्ये डॉ. भाऊ दाजींचे चरित्र. मधल्या काळात मुंबईच्या मराठी संशोधन मंडळाचे संचालकपद आणि भारतातल्या मुद्रणकलेचा इंग्रजी इतिहास.

आज त्यांचे नाव निघते ते बहुधा गोव्यातल्या इन्क्विझिशनवरच्या पुस्तकापुरते, तेही वाद घालायला. कोकणीला मराठीची बोली मानणारी त्यांची मते अनेक गोवेकरांना मान्य नव्हती, आजही नाहीत. ती नाकारावीत, पोथ्यांवरचे काम मात्र त्यामुळे बाद होत नाही.

पण असे काम आज पुढे नेणार कोण? शिरूर तालुक्यातल्या मांडवगण फराट्यासारख्या भीमाकाठच्या गावात एखाद्या माळ्यावर उद्या मोडीचे दप्तर सापडले, तर ते वाचणार कोण? गावातल्या मराठीच्या पदवीधराला मोडी येत नाही, कारण अभ्यासक्रमात तिला जागा जेमतेम. कादंबऱ्यांतील स्त्रीचित्रणावर पीएच.डी. सहज होते, एका पोथीचे नेटके संपादन म्हणजे कारकुनी. विद्यापीठांनी एका घराण्याच्या दप्तराचे वाचन किंवा एका पोथीची चिकित्सक आवृत्ती प्रबंध म्हणून आनंदाने स्वीकारावी. मोडीचे वर्गही शिरूर-दौंडच्या महाविद्यालयांत निघावेत. त्यासाठी पोरांना दर खेपेला पुण्याची एस.टी. का धरायला लावायची?