टायरचा गोटा

वर्धा जिल्ह्यात काटकसर कुणाला शिकवावी लागत नाही. गांधीजी 1936 साली सेवाग्रामला राहायला आले आणि पेन्सिलीचं थोटूकसुद्धा फेकू नये, हा धडा आम्ही असा काही गिरवला, की आता तो मोटारीच्या चाकांपर्यंत पोचला आहे. रस्त्याकडेला उभ्या गाड्यांचे टायर जरा बघा. नक्षी नावाला नाही, नुसता गोटा! मालकाला विचारावं तर उत्तर ठरलेलं : "काहून बदलाचा? अजून एक पावसाळा निघते ना भाऊ!"

पावसाळा निघेल हो. त्यातून तुम्ही निघाल का, एवढंच विचारतोय.

कोरड्या रस्त्यावर गोटा झालेला टायर मोठा साळसूद वागतो, आणि तिथंच मालक फसतो. त्या खाचा शोभेसाठी नसतात. चाकाखालचं पाणी बाहेर टाकण्यासाठी असतात. खाचा संपल्या, की पाण्याला वाट नाही. वेगात असलेला टायर मग रस्ता सोडून पाण्यावर तरंगतो. ब्रेक दाबा, स्टिअरिंग फिरवा, नाहीतर मारुतीस्तोत्र म्हणा. गाडीनं जमिनीशी संबंध तोडलेला असतो. नव्या टायरची खाच साधारण आठ मिलिमीटर खोल. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मोटारीला 1.6 मिलिमीटरपर्यंत चालवून घेतात. मोजायला पट्टीही नको. खाचांच्या तळाशी बारीक उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांना टेकली, की टायर संपला. पण वाकून बघणार कोण? पोट आडवं येतं.

दुसरं शहाणपण मे महिन्यातलं. "गर्मी लय हाय, हवा थोडी कमीच ठेवजो." अहो, कमी हवेचा टायर दर फेऱ्याला जास्त दबतो, दबून दबून आणखी तापतो आणि मग फुटतो. खापर मात्र उन्हावर! हवेचा आकडा कंपनीनं बहुधा दारापाशीच चिकटवलेला असतो. टायर थंड असताना तेवढी भरायची, झालं.

खड्ड्यांच्या रस्त्यावर हे खपून जायचं; खड्डेच वेग आवरायचे. डिसेंबर 2022 मध्ये समृद्धी महामार्ग नागपूरपासून शिर्डीपर्यंत खुला झाला. आता येळाकेळीला वर चढलं, की मोटारीला ताशी 120 किलोमीटरची मुभा. 2023 मध्ये परिवहन खात्याची माणसं तिथं टायर तपासून झिजलेल्यांना परत पाठवू लागली, तर केवढी कुरकुर! "आमचा टायर, आमचा जीव, यांच्या बापाचं काय जाते?"

जीव तुमच्या एकट्याचा असता तर मीही गप्प बसलो असतो. पवनारच्या विनोबांनी 1951 ते 1964 अशी तेरा वर्षं पायी देश पालथा घातला. वहाणा त्यांच्याही झिजल्याच असतील. पण त्या झिजल्या म्हणून समोरून येणारा सायकलवाला मेला नाही. काटकसरीसाठी बापूंचं नाव घेता ना? मग गाडी ठेवा घरी आणि चाला.

आणि पैसा नाही म्हणावं, तर त्याच गाडीच्या बंपरला लिंबू-मिरची दर शनिवारी नवी असते.