घर कुणाचं, नाव कुणाचं

नांदेड जिल्ह्यातल्या उमरीच्या जुन्या वस्तीत आजही काही माळवदाची घरं उभी आहेत. ढेलजेत एका भावाची दुचाकी, मागच्या खोलीत दुसऱ्याचा संसार आणि नगरपरिषदेच्या घरपट्टीवर मात्र वारलेल्या आजोबांचं नाव! पट्टी भरली म्हणजे घर आपलं, असं आपण धरून चालतो. पण कर आकारणीची नोंद हा मालकीचा पुरावा नसतो, हे वाटणीची वेळ आली की कळतं.

1900च्या सुमारास रेल्वे आली, कापसाचा व्यापार वाढला, गाव पसरलं. 30 जानेवारी 1948ला इथली बँक लुटून स्वातंत्र्यसैनिकांनी निजामाला हादरा दिला, तो इतिहास आपल्याला पाठ आहे. घरांचा इतिहास मात्र ट्रंकेतल्या उर्दू कागदांत पडून राहिला आणि तो वाचू शकणारे आता थोडेच उरलेत.

म्हणून हा अंक उमरीतल्या एका गल्लीच्या मालमत्तेवर. मुंबईच्या गिरगावातली खोताची वाडीही सोबतीला आहे. बिल्डर दारात उभा असला की वस्ती काय सोसते ते तिथं दिसतं. आमचा रोख मात्र बहिणींकडून लिहून घेतल्या जाणाऱ्या हक्कसोडपत्रावर आहे. 1994 पासून महाराष्ट्रात हिंदू कुटुंबातल्या मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः वाटा आहे. तरी 'माहेर तुटायला नको' म्हणून सही होतेच. याला प्रेम म्हणायला आम्ही तयार नाही.

तुमच्या घराची कागदपत्रं काय सांगतात? लिहून कळवा, भांडणासकट. बहिणींची पत्रं आम्ही आधी छापू.