फुलावर आलेला झेंडू उपटा अन् कांदा लावा



दसरा झाला, दिवाळी तोंडावर आहे. हलका धान कापणीला आला, भारी धान अजून उभा आहे. सगळ्यांचं लक्ष बांधीत. सांदवाडीकडं कोणी पाहत नाही अन् वर्षाची चूक नेमकी तिथंच होते. आज त्याच्यावर थोडं कडक लिहितो. राग आला त येऊ द्या.

मागच्या चार-पाच वर्षांपासून आपल्या भंडारा जिल्ह्यात ज्याच्या-त्याच्या सांदवाडीत झेंडू दिसून राहिला. आधी तुळशीपाशी दोन-चार झाडं राहायची. आता वाफेच्या वाफे. विचारलं की उत्तर ठरलेलं. "भाऊ, फुलाचे पैसे होतात. कीड पळते. अन् कांदा काय, बाजारात मिळते."

या तीन्ही गोष्टी मीसुद्धा बोललो आहे. म्हणून मला तोंड आहे सांगायला.

आधी पैशाचं पाहू. तीन वर्षांमागं मी घराची अख्खी वाडी झेंडूची केली. घटस्थापनेला भाव चांगला होता. मी म्हटलं, दसऱ्याला आणखी चढेल. दसऱ्याच्या दिवशी सकाळी पाच पोती घेऊन गेलो. अकरा वाजेपर्यंत दोन विकली, दुपारी कोणी भाव विचारेना. उरलेली तीन परत आणायला गाडीभाडं परवडत नव्हतं, तिथंच रस्त्याच्या कडेला टाकून आलो. माझ्यासारखे दहाजण होते, ढीगच ढीग. झेंडू हे तारखेचं फूल आहे मंडळी. हे झाड मूळ मेक्सिकोचं. तिकडंही नोव्हेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत, पितरांच्या सणाला, त्याची खरी मागणी असते. तारीख गेली की फूल गेलं. दोन-तीन दिवसांवर ते टिकत नाही. कांदा एप्रिलमधे काढला त श्रावणातही घरात असतो.

आता किडीचं. "झेंडू लावा, कीड पळते" हे मोबाइलवर रोज कोणीतरी सांगते. अर्धवट आहे ते. खरं काय आहे ते सांगतो.

टमाटरमधे झेंडू लावायची शिफारस बंगळुरूच्या आयआयएचआर या संशोधन संस्थेची आहे. १६ ओळी टमाटर अन् एक ओळ झेंडू. पण कशासाठी? फळ पोखरणारी अळी पळावी म्हणून नाही. तिच्या पाखरानं टमाटर सोडून झेंडूच्या फुलावर अंडी घालावी म्हणून. म्हणजे झेंडू कीड पळवत नाही, कीड स्वतःवर ओढून घेते. त्याच्यासाठी झेंडूचं रोप ४५ दिवसांचं अन् टमाटरचं २५ दिवसांचं पाहिजे, नाही त पाखरू आलं तेव्हा फूलच नसते. अन् झेंडूवर आलेल्या अळ्या आपल्याला वेचाव्या लागतात. कोण वेचते? मी तरी पहिल्या वर्षी वेचल्या नाहीत.

दुसरं, सूत्रकृमीचं. वांगं-टमाटरच्या मुळावर गाठी येतात, झाड खुरटते, तो रोग. झेंडूच्या मुळांतून निघणारं द्रव्य या सूत्रकृमींना मारक आहे, हे खरं आहे. पण चार कोपऱ्याला चार झाडं लावून काही होत नाही. पूर्ण वाफा दाट झेंडूचा पाहिजे, दोन-तीन महिने पाहिजे, अन् भाजी त्याच्यानंतर त्याच जागी लावायची. फायदा मागच्या पिकाला होतो, बाजूच्या पिकाला फारसा नाही.

अन् कांद्याचं काय? कांद्याचा मोठा वैरी म्हणजे फुलकिडे. पातीत बसून रस पितात, पात पांढुरकी पडते, वाकडी होते. हे फुलकिडे झेंडूच्या फुलातही राहतात. म्हणजे कांद्याच्या वाफ्याला झेंडूचं कुंपण करणारा माणूस चोराला शेजारी घर बांधून देते. राजगुरुनगरचं कांदा-लसूण संशोधन केंद्र कांद्याभोवती काय लावायला सांगते? बाहेरून मका, आतून गहू, तेही लागवडीच्या महिनाभर आधी. उंच आड झाली की उडत येणारे फुलकिडे अडतात. झेंडूचं नाव त्यात नाही.

तिसरं, "कांदा बाजारात मिळते." मिळते ना! पण कोणत्या भावानं ते आपल्या हातात नाही. उन्हाळ कांदा संपत येतो अन् पावसाळी कांदा पावसानं लांबतो, त्या सप्टेंबर ते नोव्हेंबरच्या मधात भाव चढतो. चढला की सरकार मधात पडते. ऑगस्ट २०२३ मधे कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागलं. ८ डिसेंबर २०२३ पासून निर्यातच बंद. ती उघडली ४ मे २०२४ ला. शुल्क पूर्ण गेलं १ एप्रिल २०२५ ला. यात नाशिकचा शेतकरी रडला. अन् भाव चढला की विकत घेणारा रडते. आपण धान पिकवणारे, कांद्याच्या बाबतीत आपण विकत घेणाऱ्याच्या रांगेत आहोत. शेतकरी असून! घरच्या कांद्याला ना निर्यातबंदी लागते ना शुल्क.

हिशेब पाहा. अर्धा आर जागा, म्हणजे ५० चौरस मीटर. १५ बाय १० सेंटीमीटरवर साधारण ३३०० रोपं बसतात. चांगला शेतकरी मीटरला अडीच किलो काढते, आपण दोनच धरू. १०० किलो झाला. पाव हिस्सा सडला-सुकला धरा. ७५ किलो राहिला. पाच माणसांच्या घराला आठवड्याला तीन किलो. २५ आठवडे झाले, म्हणजे एप्रिलपासून जवळजवळ दसऱ्यापर्यंत. वर पात फुकट.

आता कोणी म्हणेल, दोन्ही लावा ना, भांडण कशाचं? तेच सांगायचं आहे. भांडण जागेचं नाहीच. झेंडू जुलैत लागतो, दसरा-दिवाळीला फुलतो. उन्हाळ कांद्याची लागवड डिसेंबरपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत. एकाच वाफ्यात एकामागं एक, आरामात बसते. मग अडते कुठं?

अडते हातावर. दिवाळी झाली तरी झेंडूवर फूल राहते. मग माणूस म्हणते, मंडईला विकू. मंडई झाली की म्हणते, लग्नसराईला विकू. फुलावर आलेलं झाड उपटायला हात होत नाही. अन् इकडं कांद्याचे पऱ्हे टाकायचा महिना निघून जाते. पऱ्हे तयार व्हायला सहा ते आठ आठवडे लागतात. आज नाही टाकले त डिसेंबरात लावणार काय? उशिरा लावला की कांदा पोसायच्या आत आपलं ऊन येते, गोटीएवढा राहते. मग आपणच म्हणतो, आपल्या धानाच्या जमिनीत कांदा होत नाही.

माझं तेच झालं. जानेवारीपर्यंत झेंडू ठेवला, फुलं विकली थोडीफार, कांदा लावलाच नाही. पुढच्या पावसाळ्यात रोवणीच्या वेळी घरात कांदा नाही. एक दिवस भाजीला कांदा मागितला त घरची म्हणाली, "तुमच्या फुलाइची भाजी करू का आता?"

हसलो मी तेव्हा. नंतर विचार केला. आईच्या काळात सांदवाडी आईची होती. कोणता वाफा कशाचा हे ती बाबांना विचारत नव्हती. कांदा, लसूण, सांभार, मिरची, वाल, सगळं तिच्या हातचं. त्यातून जे वाचत होतं ते तिच्या हातात राहत होतं. मी झेंडू लावला अन् वाडी माझी झाली. फुलाचे पैसे माझ्या खिशात आले, अन् कांद्यासाठी घरचीला माझ्यासमोर हात पसरावा लागला. हा तोटा कोणत्याच हिशेबात धरला नव्हता.

म्हणून आता आमच्याकडं नियम एकच आहे. दिवाळीच्या पाडव्याला झेंडू उपटायचा, फुलं असली तरी. चार झाडं तुळशीपाशी अन् धुऱ्यावर राहतात, बाकी नाही.

अन् पऱ्हे त्याच्याही आधी. करायचं असं. वाडीतली तीन मीटर बाय एक मीटर जागा वीतभर उंच करा, सिहार जमीन असेल त शेणखत जास्त घाला, पाणी साचू देऊ नका. अर्ध्या आरासाठी ५० ग्रॅम बी पुरते. ओळीत टाका, चाळलेल्या खतानं झाका, वरून तणीस पसरा. उगवण दिसली की तणीस लगेच काढा. टिकवायला एन-२-४-१ किंवा भीमा किरण घ्या. आपल्या लोकांना पांढरा आवडते, त्यांनी अकोला सफेद पाहा. परदेशी रंगीत पाकिटांच्या नादी लागू नका, त्यातल्या बऱ्याच जातींना लांब दिवस लागतो, आपल्याकडं नुसती पात येते. बी ताजंच घ्या, कांद्याचं बी वर्षानंतर उगवत नाही म्हटलं तरी चालेल. निम्म्या माना पडल्या की काढा, त्याच्या पंधरा दिवस आधी पाणी तोडा, सावलीत सुकवा. पोत्यात भरू नका, पातीसकट जुड्या बांधून आढ्याला टांगा.

झेंडूशी माझं वैर नाही. दसऱ्याला तोरण आमच्याही दारात लागते अन् घरच्याच फुलाचं लागते. पण पाहुणा आला, जेवला, सण झाला, आता त्यानं जायला पाहिजे. जागा घरच्या माणसाची आहे.

उद्या सकाळी वाडीत जा. पऱ्ह्यांची जागा कोणती, हे घरच्या बाईला विचारा. अन् ती दाखवेल तिथंच फावडं मारा.