हत्याराला दागिना कशाला?

खंडेनवमीला सुतार आपला रंधा, करवत, पटाशी, वाकस पुसून पाटावर मांडतो आणि त्यांना हळदकुंकू वाहतो. त्या कुंकवाने करवतीची धार वाढत नाही, हे त्यालाही ठाऊक असते. तरी त्या कुंकवाचा उपयोग काय, असे कोणी विचारत नाही. मात्र धातूच्या रंध्यावर कोणी वेलबुट्टी कोरली, की आपण विचारतो, "याने लाकूड अधिक चांगले तासले जाते काय?" प्रस्तुत लेखकास वाटते की, हा प्रश्नच चुकीच्या जागी उभा आहे.

हे काम कसे होते ते आधी पाहू. कोरणी म्हणजे कठीण पोलादाची बारीक टोकदार सळई. तिची मूठ तळहातात बसते. ती हाताने रेटायची किंवा लहान हातोडीने ठोकत पुढे न्यायची. वळण घ्यायचे तर हात फारसा न वळवता खालची वस्तू फिरवायची. कोरणी किंचित कलती केली की रेघ रुंदावते. पितळेसारखा धातू साफ कापला जातो. बीड मात्र कणीदार, त्यात रेघेचा काठ तुटतो. चुकलेली रेघ सहजी पुसता येत नाही. शिवाय रंध्याचा तळ सपाट राहिला पाहिजे आणि पात्याची धार अभंग. म्हणून नक्षी बसते ती दोन्ही बाजूंवर आणि पात्यावरच्या पट्टीवर. म्हणजे नक्षीकार हत्याराचा कायदा मोडत नाही. त्या कायद्याने मोकळ्या ठेवलेल्या जागेतच तो आपले म्हणणे मांडतो.

या कामाला इतिहास आहे. सॅक्सनीचा इलेक्टर ऑगस्ट (कारकीर्द 1553 ते 1586) हा स्वतः चरकावर काम करी. त्याच्या ड्रेस्डेन येथील संग्रहाची 1587 साली यादी झाली, तेव्हा सुमारे 10,000 वस्तूंपैकी 7,000 हून अधिक हत्यारे निघाली. त्यांतील कित्येकांच्या पोलादावर नक्षी होती. पुढे 1870 नंतरच्या दशकात अमेरिकेत स्टॅन्ले कंपनीने मिलर यांच्या पेटंटाचा खाचा पाडण्याचा रंधा बाजारात आणला. त्यावरही फुलापानांची वेल होती. पण ती साच्यातून ओतलेली, प्रत्येक नगावर तीच. पहिल्या नक्षीत हात दिसतो, दुसरीत साचा. दोन्ही सुंदर असतील, पण एक नव्हेत.

आता विरोधी पक्ष. विसाव्या शतकाच्या आरंभी व्हिएन्नाचा वास्तुविशारद अडॉल्फ लूस याने अलंकरणाला गुन्हाच ठरवले. त्याचा एक मुद्दा मोलाचा आहे : अलंकारात कारागिराचे श्रम वाया जातात आणि त्यांचे दामही त्याला पुरते मिळत नाहीत. परंतु याचा इलाज श्रमांचे दाम देणे हा आहे, श्रम बंद करणे नव्हे. दुसरा आक्षेप मला अधिक बोचतो. नक्षीचा रंधा महाग होतो, मालक त्याला जपू लागतो आणि मग तो कपाटातून बाहेर येत नाही. हे खरे आहे. ज्या रंध्यातून ढलप्या निघत नाहीत तो रंधा नव्हे, शोभेची वस्तू. तेव्हा माझी कसोटी साधी आहे : नक्षी असावी, पण हत्यार कामावर असावे. घामाने, तेलाने, घासण्याने ती रेघ थोडी झिजली तर बिघडले नाही. ते तिचे वय आहे.

हा वाद परदेशातला म्हणून सोडून देता येणार नाही. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातले अडकित्ते पाहा. काम सुपारी कातरण्याचे. पण कोणा कारागिराने त्याला रूप दिले. त्यांतल्या बहुतेकांचे कर्ते आपल्याला माहीत नाहीत. आपल्या घरातल्या तांब्यावर, डब्यावर नाव घालणाऱ्याचा हातही असाच अनामिक. आता तेही काम बहुधा विजेच्या यंत्राने होते.

सौंदर्यशास्त्राच्या तासाला आपण सौंदर्य आणि उपयुक्तता यांची फारकत शिकतो, टिपणे काढतो आणि परीक्षेत ती उतरवतो. पण ही फारकत आपल्याला इतकी सहज पटते, ती कान्टमुळे की हाताने काम करणाऱ्याला आपण कमी लेखतो म्हणून? चित्राला चौकट हवी, पुस्तकाला मुखपृष्ठ हवे, लग्नपत्रिकेला वेलबुट्टी हवी. यात आपल्याला काही वावगे वाटत नाही. मग जो माणूस आयुष्यभर एकच रंधा हाती धरतो, त्याने तो सुंदर असावा अशी इच्छा केली, तर तेवढ्यापुरतेच आपल्याला काटकसरीचे तत्त्वज्ञान का आठवावे?